आधी चाल, मग शब्द
रॉबर्ट बर्न्सच्या गाण्यांना लाभलेल्या संगीतकारांविषयी

१७९६ चा उन्हाळा. स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाकडच्या डम्फ्रीज गावात रॉबर्ट बर्न्स अंथरुणाला खिळला होता. वय अवघं ३७. बायको जीन पुरत्या दिवसांची, घरात लहान मुलं, आणि शुश्रूषेला समोरच्या घरातली अठरा वर्षांची जेसी ल्यूअर्स. बर्न्स ज्या अबकारी खात्यात नोकरीला होता, तिथल्याच एका सहकाऱ्याची ती बहीण. एके दिवशी बर्न्स तिला म्हणाला, तुझ्या आवडीची एखादी चाल वाजव, मी तिच्यावर तुला शब्द बांधून देतो. जेसीने एक साधीशी चाल वाजवली, रॉबिन पक्षी आणि रेन पक्ष्याच्या घरट्याविषयीच्या जुन्या गाण्याची. ती कानात मुरेपर्यंत त्याने पुन्हापुन्हा वाजवून घेतली आणि मग कविता लिहिली, असं सांगतात. बोचऱ्या वाऱ्यात उघड्यावर सापडलेल्या माणसाला आडोसा देऊ पाहणारी ती कविता. आडोशाची गरज खरं तर कवीला होती. शब्दांत मात्र तो तिला जपतो आहे. २१ जुलैला बर्न्स गेला.

१८४२ मध्ये फेलिक्स मेंडेल्सनने याच कवितेचा फ्रायलिग्राटने केलेला जर्मन अनुवाद घेतला आणि दोन आवाजांसाठी पियानोच्या साथीवर एक युगुलगीत रचलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये, महायुद्धाच्या ऐन धुमाळीत दिमित्री शोस्ताकोविचने तीच कविता रशियन अनुवादातून घेतली, एका खर्जातल्या पुरुषी आवाजासाठी स्वरबद्ध केली आणि पत्नी नीनाला अर्पण केली. मेंडेल्सनकडे दोन आवाज एकमेकांना बिलगून चालतात, शोस्ताकोविचकडे एकटा माणूस संथपणे, जवळजवळ स्वतःशीच बोलतो. जेसीने वाजवलेली चाल दोघांच्याही रचनेत नाही.

बर्न्सच्या कवितांवरच्या संगीताचा विचार या जागेपासून सुरू करावा लागतो. एरवी कवी कविता लिहितो, संगीतकाराला ती भावते आणि तो तिला चाल लावतो. बर्न्सच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. त्याची गाणी चालीच्या पोटी जन्मलेली आहेत. त्यामुळे त्याच्या शब्दांना नवी चाल लावायला बसलेल्या प्रत्येकाला आधी एक जुनी चाल उतरवून ठेवावी लागते. ती कोणी उतरवली, कोणी उतरवायला धजलं नाही आणि कोणी ती नुसती सजवली, याचा हा इतिहास आहे.

बर्न्सचा जन्म २५ जानेवारी १७५९ चा, एअरशरमधल्या अ‍ॅलोवे गावचा. बाप शेतकरी. आई अ‍ॅग्नेस ब्राउन जुनी गाणी गायची. ती ऐकतच तो वाढला. पंधराव्या वर्षी सुगीच्या दिवसांत शेतात जोडीला कापणी करणारी मुलगी एक नाचाची चाल गुणगुणायची. तिच्या त्या आवडत्या चालीवर त्याने आयुष्यातलं पहिलं गाणं रचलं. म्हणजे पहिल्या गाण्यापासून चाल आधी होती आणि शेवटच्या दिवसांत जेसीपाशीही ती आधीच होती.

आपल्या पद्धतीबद्दल त्याने १७९३ मधल्या एका पत्रात सविस्तर लिहून ठेवलं आहे. चाल स्वतःच्या गळ्यात पक्की उतरल्याशिवाय आपल्याला तिच्यासाठी काही लिहिताच येत नाही, असं त्यात तो सांगतो. आधी चालीचा भाव ओळखायचा, त्या भावाला शोभेल असा विषय शोधायचा, पहिलं कडवं जुळवायचं. ते सहसा सगळ्यात अवघड. मग उठून बाहेर भटकायला जायचं, तोंडाने चाल गुणगुणत राहायचं आणि आजूबाजूच्या झाडापानांत त्या भावाशी जुळणारं काही सापडतं का ते पाहायचं. मराठी संगीत नाटकांची जुनी पुस्तकं चाळलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पदाच्या माथ्यावर 'चाल' असं लिहून कुठल्या तरी जुन्या गाण्याचं नाव छापलेलं तिथे दिसतं; बर्न्सच्या गाण्यांच्या माथ्यावरही तसंच चालीचं नाव असतं. फरक असलाच तर एवढा, की बर्न्स त्या चालीला केवळ साचा मानत नव्हता. चालीला स्वतःचं मन असतं आणि शब्दांनी ते ओळखायचं असतं, अशी त्याची धारणा होती.

१७८६ मध्ये किलमार्नक गावी छापलेल्या ६१२ प्रतींच्या संग्रहाने तो एका झटक्यात प्रसिद्ध झाला आणि एडिनबरोला गेला. तिथे त्याला जेम्स जॉन्सन भेटला. जॉन्सन हा धातूच्या पत्र्यांवर संगीताची नोटेशन कोरणारा कारागीर. स्कॉटलंडची मिळतील तेवढी गाणी चालींसकट छापून ठेवायची, हा त्याचा ध्यास. 'स्कॉट्स म्युझिकल म्युझियम' या नावाने १७८७ ते १८०३ या काळात त्याचे सहा खंड निघाले, प्रत्येकात शंभर गाणी. या ६०० पैकी सुमारे तिसरा हिस्सा बर्न्सने लिहिलेला, दुरुस्त केलेला किंवा गोळा केलेला आहे. संपादक म्हणून नाव जॉन्सनचं असलं तरी बर्न्स असेपर्यंत खरा संपादक तोच होता. कुठल्या म्हातारीकडून दोन ओळी, कुठल्या वादकाकडून एक चाल, असं तो वेचत गेला. पुढे अबकारी खात्यातल्या नोकरीमुळे आठवड्याला सुमारे २०० मैल घोड्यावरून फिरावं लागे. ती वणवणही या कामी आली. 'जॉन अँडरसन माय जो' हे मूळचं चावट गाणं. चाल तीच ठेवून बर्न्सने ते आयुष्यभर सोबत चाललेल्या म्हाताऱ्या जोडप्याचं केलं. या कामाचा त्याने कधी एक पैसाही घेतला नाही.

जॉन्सनच्या पुस्तकात साथ अगदी जुजबी आहे. स्टीफन क्लार्क नावाच्या ऑर्गनवादकाने चालीखाली खर्जाची एक ओळ लिहून दिली, बस्स. गाणाऱ्याने गावं, जमल्यास कोणी सोबत वाजवावं. चालीला धक्का लागलेला नाही.

दुसरा प्रकाशक वेगळ्या घडणीचा होता. जॉर्ज थॉमसन एडिनबरोत सरकारी मंडळाचा कारकून, हौशी व्हायोलिनवादक आणि अभिरुचीबद्दल फार दक्ष. स्कॉटिश गाणी सुसंस्कृत घरांच्या दिवाणखान्यात शोभावीत अशी त्याची इच्छा. त्यासाठी पियानो, व्हायोलिन आणि चेलोची साथ हवी, गाण्याच्या आधी आणि शेवटी वाद्यांचे तुकडे हवेत, आणि जमलं तर शब्द स्कॉट्सऐवजी इंग्रजीत हवेत. बर्न्स सामील झाला, पण निदान स्कॉट्स बोलीचा शिडकावा तरी राहिलाच पाहिजे, अशी अट घालून. १७९३ मध्ये थॉमसनने न विचारता पाच पौंड पाठवले, तेव्हा तो दुखावला आणि पुन्हा असं केलंस तर संबंध तोडीन, असं त्याने कळवलं. तीन वर्षांनी, मरणाच्या नऊ दिवस आधी, एका कापडवाल्याने बाकीसाठी तगादा लावला आणि तुरुंगाची भीती वाटू लागली, तेव्हा याच थॉमसनकडे त्याने पाच पौंड मागितले. थॉमसनने ते लगोलग पाठवले.

चालीच्या बाबतीत थॉमसन ढवळाढवळ करी. तिचं सगळ्यात ठळक उदाहरण 'स्कॉट्स व्हा हे'. १३१४ च्या बॅनकबर्नच्या लढाईत स्कॉटलंडच्या राजाचं, रॉबर्ट द ब्रूसचं सैन्य एका ठरावीक चालीवर कूच करत गेलं अशी लोकांत समजूत होती. १७९३ मध्ये त्या चालीने झपाटून जाऊन बर्न्सने ब्रूसच्या तोंडी हे रणगीत घातलं. थॉमसनला शब्द आवडले, चाल हलकी वाटली. त्याने दुसरी चाल सुचवली, तिच्यात बसावं म्हणून प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ लांबवायला लावली, आणि बर्न्सने मन मारून ते केलं. लोकांनी मात्र ही जोडणी स्वीकारली नाही. काही वर्षांनी थॉमसनला जुनी चाल परत आणावी लागली. तीच चाल पुढे बर्लिओझच्या 'रॉब रॉय' ओव्हर्चरमध्ये आणि माक्स ब्रुखच्या १८८० सालच्या 'स्कॉटिश फॅन्टसी'त शब्दांवाचून दुमदुमली. बर्न्सचा कान थॉमसनच्या अभिरुचीपेक्षा खरा होता, याला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही.

पण थॉमसनला एका फटकाऱ्यात निकालात काढणंही बरोबर नाही. 'ऑल्ड लँग साइन' आज जग ज्या चालीवर गातं, ती जोडणी त्याची. बर्न्सने १७८८ मध्ये एका पत्रातून या गाण्याचा उल्लेख केला. जॉन्सनने ते १७९६ मध्ये छापलं ते वेगळ्या चालीवर. आजची चाल थॉमसनने १७९९ मध्ये लावली, बर्न्स गेल्यानंतर तीन वर्षांनी. 'अ रेड, रेड रोझ'चंही तसंच. बर्न्सच्या मनातली चाल 'मेजर ग्रॅहम' नावाची. आज कानावर पडते ती १८२१ मध्ये रॉबर्ट आर्चिबाल्ड स्मिथने जोडलेली. तेव्हा 'मूळ चाल' हा शब्दही जपूनच वापरायला हवा. काही वेळा लोकांनी कवीची निवड राखली, काही वेळा बाजूला सारली, आणि दोन्ही वेळा त्यांचं चुकलं नाही.

थॉमसनची खरी महत्त्वाकांक्षा व्हिएन्नाकडे होती. साथ लिहायला युरोपातले सर्वांत मोठे संगीतकार हवेत, हा त्याचा हट्ट. प्लेयेल आणि कोझेलुख यांच्यापासून सुरुवात झाली, मग हायडन, मग बीथोवन, पुढे वेबर आणि हुमेलसुद्धा. हायडनने त्याआधीच लंडनमध्ये दिवाळखोरीत अडकलेल्या नेपियर नावाच्या प्रकाशकासाठी स्कॉटिश गाण्यांची साथ लिहून त्याला सावरलं होतं. आयुष्यभरात त्याने अशी सुमारे ४०० गाणी सजवली. उतारवयात त्याच्या नावावर गेलेल्या काही रचना त्याच्या शिष्याच्या, नॉयकोमच्या हातच्या आहेत.

बीथोवनची गोष्ट जास्त रंगतदार. १८०९ मध्ये थॉमसनने त्याच्याकडे ४३ चाली धाडल्या. नेपोलियनच्या युद्धांनी टपालाचे मार्ग बंद पडत, म्हणून एकाच कामाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या वाटांनी पाठवाव्या लागत. बीथोवन मानधन सोन्याच्या नाण्यांत मागे, थॉमसन घासाघीस करी. स्कॉटलंडच्या मुलींना हे वाजवायला फार अवघड जातं, जरा सोपं करून द्या, अशी थॉमसनची पुनःपुन्हा विनवणी. केलेल्या कामाला परत हात लावायची आपल्याला सवय नाही, हे बीथोवनचं उत्तर. त्याहून महत्त्वाची तक्रार बीथोवनची होती: चाली येतात, शब्द येत नाहीत. गाण्यात काय म्हटलं आहे ते कळल्याशिवाय त्याला साजेशी साथ लिहायची कशी? थॉमसन बहुतेक वेळा नुसत्या चालीच पाठवी, शब्द मागाहून बसवी.

म्हणजे ज्या कवीने चालीचा भाव ओळखून शब्द लिहिले, त्याच्या गाण्यांची साथ शब्द न वाचता लिहिली गेली. हायडन-बीथोवनच्या या रचना ऐकताना ही विसंगती जाणवत राहते. वाद्यांचे तुकडे कधी फार सुरेख असतात, पण गाणं एका खोलीत आणि साथ शेजारच्या खोलीत असल्यासारखं वाटतं. अपवाद आहेत, आणि ते शोधण्यासारखे आहेत. बीथोवनच्या, १८१८ मध्ये ओपस १०८ म्हणून निघालेल्या २५ स्कॉटिश गाण्यांत इन्व्हर्नेसच्या मुलीचं गाणं आहे. कलोडनच्या १७४६ च्या लढाईत बाप आणि तीन भाऊ गमावलेली ती मुलगी. तिथे चेलो आणि व्हायोलिन तिच्या शोकाभोवती अशी फिरतात, की शब्द माहीत नसतील हे खरं वाटत नाही.

याच टप्प्यावर एका चालीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती थेट आपल्या कानाशी येऊन पोचते. 'बँक्स ओ डून' हे डून नदीकाठचं विरहगीत. त्याच्या चालीच्या जन्माची हकिगत बर्न्सने थॉमसनला लिहून कळवली आहे. एडिनबरोतल्या मिलर नावाच्या गृहस्थाला स्कॉटिश चाल रचायची हौस आली. स्टीफन क्लार्क त्याला गमतीने म्हणाला, हार्प्सिकॉर्डच्या फक्त काळ्या पट्ट्यांवर बोटं ठेव आणि थोडी लय सांभाळ, चाल आपोआप होईल. काही दिवसांत मिलरने खरंच एक ओबडधोबड चाल आणली, क्लार्कने ती तासली आणि ती लोकप्रिय झाली. ही कृती आपल्याकडच्या पेटीवरही करून पाहता येते. काळी तीनला सा धरून नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवल्या तर सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे स्वर मिळतात. स्कॉटलंडच्या पुष्कळ चाली याच पाच स्वरांच्या. 'ऑल्ड लँग साइन'सुद्धा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाच्या अखेरीला छात्र 'अंतिम पग' ओलांडतात, तेव्हा बँडवर हीच चाल असते आणि ती कोणालाही परकी वाटत नाही.

रवींद्रनाथांनी तरुणपणी इंग्लंडात या चाली ऐकल्या. परतल्यावर डून नदीच्या चालीवर त्यांनी 'फुले फुले' हे बंगाली गीत बांधलं आणि १८८२ च्या 'कालमृगया' या गीतिनाट्यात घातलं. सत्यजित राय यांच्या 'चारुलता'मध्ये झोपाळ्यावर बसून नायिका जे गुणगुणते, ते हेच. त्यांचं 'पुरानो सेइ दिनेर कथा' हे गीत 'ऑल्ड लँग साइन'वर बेतलेलं. नीट पाहिलं तर रवींद्रनाथांनी तेच केलं जे बर्न्स करत होता. चाल गळ्यात मुरवली, तिचा भाव ओळखला आणि आपल्या भाषेचे शब्द तिला दिले. पुढे १९१० मध्ये मोरीस रावेलने डूनच्या याच गाण्याला नवी पियानोसाथ लिहिली. चालीला त्याने हात लावला नाही, पण पियानोने तिच्याभोवती एक वेगळाच, धुकट उजेड पसरवला. हे गाणं त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही.

जर्मनीत याच्या नेमकं उलट घडलं.

१८२७ मध्ये म्हातारा गटे आपली संभाषणं टिपून ठेवणाऱ्या एकरमानशी बोलताना बर्न्सच्या मोठेपणाचं कारण सांगत होता: जुनी गाणी लोकांच्या ओठांवर जिवंत होती, त्यांत तो वाढला, आणि त्याची स्वतःची गाणी कापणी करणाऱ्या बायामाणसांच्या तोंडी लगेच रुळली. जर्मन कवींना हे भाग्य नाही, याची त्याला खंत होती. पण जर्मन वाचकापर्यंत ही गाणी पोचली ती छापील कविता म्हणून, चाल मागे ठेवून. अनुवादात मात्रा बदलल्या, शब्दांचे आघात सरकले, जुनी चाल बसेनाशी झाली. त्यामुळे संगीतकारापुढे कोरी पाटी आली.

रॉबर्ट शुमानने ती घेतली १८४० मध्ये. क्लाराशी लग्न व्हावं म्हणून कोर्टकचेऱ्या करत असलेला हा माणूस त्या वर्षी गाण्यांनी भरून वाहत होता. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला 'मिर्टेन' हा २६ गाण्यांचा गुच्छ दिला. त्यातली आठ गाणी विल्हेल्म गेरहार्टच्या अनुवादातल्या बर्न्सची. गटे, हायनं, रुकर्ट यांच्या पंक्तीत एअरशरचा शेतकरी सर्वाधिक पानं अडवून बसला आहे. दूर गेलेल्या प्रियकराची वाट पाहणारी, कॅप्टनची बायको होऊन मिरवणारी, कलोडननंतर उद्ध्वस्त झालेली हायलँडची विधवा, बाळाला जोजवत ढोरं पळवायचे धडे देणारी आई: किती बायका शुमानने बर्न्सकडून उचलल्या आहेत! विधवेच्या गाण्यात तो रडका सूर लावत नाही. गाणं पळत सुटतं, तिला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. त्याच वर्षी नाताळात क्लाराने नवऱ्याला भेट दिलेल्या गाण्यांतही एक बर्न्सचं होतं, समुद्रकिनाऱ्यावर बसून दूरच्या माणसासाठी झुरणाऱ्या स्त्रीचं. तिच्या पियानोत लाटांची खळबळ सतत चालू राहते. हे गाणं नवऱ्याच्या आठांपैकी कुठल्याही गाण्यापुढे उणं पडत नाही.

शुमान तिथे थांबला नाही. १८४६ मध्ये त्याने पाच बर्न्सगीतं समूहगायनासाठी रचली. रोबर्ट फ्रान्त्स आणि आडोल्फ येन्सन यांनीही बर्न्सवर गाणी केली. त्यांच्याकडे इथे फार वेळ थांबायचं कारण नाही. वाट शुमानने पाडली होती.

रवींद्रनाथांनी चाल ठेवली आणि शब्द सोडले, शुमानने अर्थ ठेवला आणि चाल सोडली. बर्न्सच्या संगीताचे हे दोन रस्ते. आणि लक्षात घेण्यासारखं हे, की दुसरा रस्ता बराच काळ परभाषिकांचाच राहिला. ज्यांच्या कानात जुनी चाल घर करून होती त्यांना ती पुसता येत नव्हती. अनुवादाने जे हिरावलं त्यामुळेच शुमानचे हात मोकळे झाले. अमेरिकेत एमी बीचने १८९९ मध्ये इंग्रजीतच पाच बर्न्सगीतं नव्याने स्वरबद्ध केली खरी, पण अटलांटिक महासागरही काही कमी अंतर नव्हे.

रशियात हे अंतर आणखी वाढलं आणि फळ आणखी वेगळं आलं. तिथला बर्न्स म्हणजे सामुईल मार्शाकचा बर्न्स. मार्शाकचे अनुवाद इतके सहज आणि गाते आहेत, की रशियन वाचकाने बर्न्सला आपल्यातलाच मानलं. बर्न्सवरचं पहिलं टपाल तिकीटसुद्धा १९५६ मध्ये सोव्हिएत संघाने काढलं. शोस्ताकोविचने १९४२ मध्ये इंग्रजी भाषेतल्या कवींवर सहा गाणी केली, त्यातली तीन बर्न्सची. नीनासाठीचं वर आलंच आहे. 'मॅक्फर्सन्स फेअरवेल' त्याने मित्र आयझाक ग्लिकमनला अर्पण केलं. मॅक्फर्सन हा १७०० मध्ये बॅन्फ गावी फासावर गेलेला लुटारू. फासाखाली उभं राहून त्याने व्हायोलिन वाजवलं आणि मग ते मोडून टाकलं, अशी दंतकथा. शोस्ताकोविच त्याला ठसक्यात, जवळजवळ नाचवत फासाकडे नेतो. स्टालिनच्या राज्यात हे गाणं लिहिणाऱ्या माणसाने १९३६ मध्ये वर्तमानपत्रातून झालेला जाहीर हल्ला सोसला होता. फासाकडे हसत जाणाऱ्या माणसाचं त्याला काय वाटत असेल याचा अंदाज करता येतो. वीस वर्षांनी, १९६२ च्या तेराव्या सिंफनीत, 'विनोद' या शीर्षकाच्या भागात, जुलमी राजांना न जुमानणाऱ्या हास्याचं वर्णन चालू असताना, मॅक्फर्सनचीच ही धून परत डोकं वर काढते. स्कॉटलंडच्या जुन्या चालीचा मागमूसही तिच्यात नाही, आणि तरी बर्न्सच्या त्या गाण्याचा कणा इतका ताठ दुसऱ्या कुठल्या रचनेत सापडणं कठीण.

तिसरं गाणं शोस्ताकोविचने आपल्या शिष्याला, गिओर्गी स्विरिदोवला अर्पण केलं होतं. स्विरिदोवने १९५५ मध्ये मार्शाकच्याच अनुवादांवर नऊ गाण्यांची माला रचून जणू त्याची परतफेड केली. तिच्यात सैनिक घरी परततो, जॉन अँडरसन म्हातारा होतो, आणि प्रामाणिक गरिबीचं गाणं दणक्यात गायलं जातं. १९७७ मध्ये एल्दार रियाझानोवच्या 'ऑफिसमधलं प्रेम' या अतिशय लोकप्रिय चित्रपटात आंद्रेई पेत्रोवने 'कुणासाठी तरी' झुरणारं बर्न्सचं गाणं स्वरबद्ध केलं. हीच कविता शुमानच्या गुच्छातही आहे. एकोणिसाव्या शतकातल्या नववधूला दिलेली भेट आणि मॉस्कोच्या कचेरीतल्या एकाकी माणसांचं गाणं एकाच कवितेतून निघावं, हे मूळ शब्दांतल्या साधेपणाचं श्रेय आहे. त्या 'कुणी तरी'ला बर्न्सने नाव दिलेलं नाही. ज्याने त्याने आपलं माणूस तिथे पाहिलं.

खुद्द ब्रिटनमध्ये मात्र भीड लवकर चेपली नाही. व्हॉन विल्यम्सने मेंढ्या वळणाऱ्या मुलीच्या 'का द योज'ची जुनी चाल समूहस्वरांसाठी फार हळुवारपणे मांडली. नवी लावली नाही. हायलँडच्या आईचं ते अंगाईगीत, जे शुमानने केलं होतं, बेंजामिन ब्रिटनने १९४७ मध्ये पुन्हा घेतलं. स्कॉटिश संगीतात एक खास झटका असतो: आधी आखूड स्वर, लगेच त्याला चिकटून लांब. ब्रिटनने तो झटका पाळण्याच्या हिंदोळ्यात गुंफला. १९७५ मध्ये राजमातेच्या ७५ व्या वाढदिवसासाठी राणीने त्याच्याकडून बर्न्सची गीतमाला लिहून घेतली. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ब्रिटनला गायक पीटर पिअर्सच्या साथीला पियानोवर बसणं शक्य राहिलं नव्हतं. म्हणून साथ ओसियन एलिसच्या हार्पवर आली. त्या तारांनी गाण्यांना जी पारदर्शक थंडी दिली, ती पियानोला साधली असती असं वाटत नाही.

या सगळ्यांत फ्रान्सिस जॉर्ज स्कॉट हे नाव बाहेर फारसं कोणाला ठाऊक नाही, आणि ते असायला हवं. १८८० मध्ये हॉइक गावी जन्मलेला हा शाळामास्तर. पुढे ह्यू मॅकडायर्मिड या नावाने गाजलेला कवी त्याचा विद्यार्थी. स्कॉटने बर्न्सच्या स्कॉट्स शब्दांना, अनुवादाचा आधार न घेता, स्वतःच्या चाली लावल्या. आपल्याच लोकांच्या कानातली चाल उतरवून ठेवायचं धाडस त्याने केलं. भाषेचे आघात त्याला आईकडून मिळालेले होते, त्यामुळे त्याच्या रचनेत शब्द कुठेही अडखळत नाहीत. शुमानइतकी मोकळीक आणि बर्न्सइतकी बोलीशी जवळीक, दोन्ही एका ठिकाणी हवी असेल तर स्कॉटच्या गाण्यांपाशी जावं.

आणि मग आर्वो पॅर्त. 'माय हार्ट्स इन द हायलँड्स' हे हायलँडच्या ओढीचं गाणं, गंमत म्हणजे सखल मुलखातल्या कवीचं. पहिल्या काही ओळी जुन्या, बाकीचं आपलं, असं बर्न्सने नोंदवून ठेवलं आहे. शुमानने १८४० मध्ये ते घोड्यावर बसवलं. शिकारी दऱ्याखोऱ्यांतून दौडत निरोप घेतो. एस्टोनियाच्या पॅर्तने २००० मध्ये तेच शब्द, अनुवाद न करता, उंच पुरुषी आवाज आणि ऑर्गनसाठी घेतले. गायकाला जवळजवळ काही हलायला दिलेलंच नाही. एकाच स्वरावर तो कितीतरी वेळ उभा राहतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. खालून ऑर्गन हळूहळू पायऱ्या चढतो-उतरतो. डोंगर दूर आहेत आणि आता तिथे जाणं होणार नाही, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. शुमानने चाल बदलली होती, पॅर्तने चाल जवळपास काढूनच टाकली. पाओलो सोरेन्तिनोच्या 'द ग्रेट ब्यूटी'त रोमच्या दृश्यांवर हे गाणं येतं, तेव्हा स्कॉटलंडशी त्याचा धागा उरला आहे की नाही, असा प्रश्न पडतो. उरला आहे. ओढ तीच आहे.

चाली परत आणायचे प्रयत्नही याच काळात झाले. अमेरिकन संगीतकार सर्ज होवीने बर्न्सच्या तीनशेहून अधिक गाण्यांना त्याने सुचवलेल्या चालींवरच नवी साथ लिहायचा संकल्प सोडला. स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराने त्याचं शरीर थांबलं तरी काम थांबलं नाही. स्कॉटिश गायिका जीन रेडपाथने ती गाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली; २२ भागांचा बेत होता, १९८९ मध्ये होवी गेला तेव्हा सातच झाले होते. पुढे एका स्कॉटिश कंपनीने बर्न्सची सगळी गाणी १२ भागांत काढली. आता वाचकाला घरबसल्या जॉन्सनच्या पुस्तकातली चाल, थॉमसनचा दिवाणखाना आणि शुमानचं झपाटलेपण एकापाठोपाठ ऐकता येतं. पुढच्या पानांवर एकेक गाणं घेऊन तेच करायचं आहे. जिथे शक्य आहे तिथे आधी जुनी चाल ऐकावी, मगच संगीतकाराकडे वळावं.

१ जुलै १९९९ रोजी एडिनबरोत जवळजवळ तीनशे वर्षांनी पुन्हा स्थापन झालेल्या स्कॉटलंडच्या संसदेचं औपचारिक उद्घाटन झालं. राणी समोर होती. लोकगायिका शीना वेलिंग्टन उभी राहिली आणि तिने प्रामाणिक गरिबीचं तेच गाणं म्हटलं, जे स्विरिदोवने रशियनमध्ये केलं होतं. पियानो नाही, व्हायोलिन नाही, चेलो नाही. जुनी चाल आणि एकटा आवाज. शेवटच्या कडव्याला सभागृहातले सदस्य तिच्यासोबत गाऊ लागले.